कॉम्प्युटरची रोषणाई: रंग निवडा, पण पिन मोजून

चांदनी चौक म्हटलं की कुणाला दिल्ली आठवेल, कुणाला पुणे. हा चांदनी चौक कोलकात्याचा. मेट्रोच्या स्टेशनातून बाहेर पडलं की कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची दुकानं लागतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, तसा हा कोलकात्याचा इलेक्ट्रॉनिक बाजार. इथून थोडं चालत गेलं की एझरा स्ट्रीट येतो, दिव्यांच्या माळांचा आणि विजेच्या सामानाचा घाऊक बाजार. एका बाजारात कॉम्प्युटर, दुसऱ्यात रोषणाई. आणि आता हे दोन्ही बाजार एकाच डब्यात शिरले आहेत, तुमच्या मुलाच्या टेबलावरच्या कॅबिनेटमध्ये!

पंखे रंग बदलतात, रॅमच्या पट्ट्यांवरून लाटा धावतात, कीबोर्डच्या बटणांखाली इंद्रधनुष्य उमटतं. मुलांना हे हवंहवंसं वाटतं, आईबाबांना उधळपट्टी वाटते. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: या दिव्यांनी कॉम्प्युटर तसूभरही वेगवान होत नाही. ही निव्वळ हौस आहे. पण हौसेलाही शिस्त लागते. दिवे कसे चालतात हे समजून घेतलं, तर थोड्या पैशांत सुंदर रोषणाई होते. न समजता जोडले, तर नवीन पंख्याचे दिवे क्षणात जळतात.

चंदननगरचा फिरता रूळ

धावत्या दिव्यांचं तंत्र बंगालला नवं नाही. कोलकात्याच्या उत्तरेला साधारण ३५ किलोमीटरवर, हुगळी नदीच्या काठी चंदननगर आहे. १९५० पर्यंत इथे फ्रेंचांची सत्ता होती. आज हे गाव जगद्धात्री पूजेसाठी आणि रोषणाईसाठी ओळखलं जातं. कोलकात्याच्या दुर्गापूजेला २०२१ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. त्या पूजेच्या रस्त्यांवर झळकणारे दिव्यांचे मोर, मासे आणि धावत्या आगगाड्या बऱ्याचदा चंदननगरच्या कारागिरांच्या हातच्या असतात. या कलेला नाव मिळवून देणाऱ्यांत श्रीधर दास यांचा उल्लेख आवर्जून होतो.

एलईडी येण्यापूर्वी हे कारागीर 'टुनी' नावाचे छोटे बल्ब वापरत. रंगासाठी बल्बवर रंगीत जिलेटीन कागद गुंडाळत. आणि दिवे धावत कसे? त्यासाठी असे एक रूळ. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठरावीक नक्षीत ठोकलेल्या असत. मोटारीने रूळ फिरला की पट्ट्या तारांच्या टोकांना शिवत आणि त्या त्या तारेवरचे दिवे लागत. पट्टी पुढे सरकली की विझत. कुठली पट्टी कुठे ठोकायची, यावर मोराचा पिसारा फुलणार की नाही हे ठरे. थोडक्यात, तो रूळ हाच तेव्हाचा प्रोग्रॅम होता.

आज तुमच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर तेच काम करतं.

तीन रंगांतून दीड कोटीहून अधिक

आरजीबी म्हणजे रेड, ग्रीन, ब्लू. प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक एलईडी शेजारी शेजारी असतात. लाल एलईडी १९६२ मध्येच बनला होता, पण प्रखर निळा मिळायला १९९० चं दशक उजाडलं. ते जमवणारे इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा आल्यामुळेच तिन्ही मिसळून हवा तो रंग करता येऊ लागला.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ असा आकडा देता येतो. २५६ ला २५६ ने दोनदा गुणलं की १,६७,७७,२१६ छटा होतात. सगळे २५५ म्हणजे पांढरा, सगळे ० म्हणजे दिवा बंद.

तीन पिन की चार?

खरी मेख इथेच आहे. बाजारात दोन प्रकारचे दिवे मिळतात आणि दुकानात दोघांनाही सर्रास 'आरजीबी' म्हणतात.

पहिला साधा आरजीबी: १२ व्होल्ट, चार पिन. यातले सगळे दिवे एका वेळी एकच रंग दाखवतात. अख्खी माळ लाल, नाहीतर अख्खी निळी.

दुसरा एआरजीबी: ५ व्होल्ट, तीन पिन. यात प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो. कसा, ते पंगतीवरून समजेल. पंगतीत पहिल्या माणसाच्या हाती पत्रावळींचा गठ्ठा देतात. तो वरची एक स्वतःसाठी घेतो, उरलेला गठ्ठा शेजारच्याकडे सरकवतो. एआरजीबीच्या प्रत्येक दिव्याजवळ एक चिमुकली चिप असते. ती आलेल्या संदेशातला पहिला रंग स्वतःसाठी ठेवते आणि बाकीचा संदेश पुढच्या दिव्याला देते. हे इतक्या झपाट्याने होतं की डोळ्यांना फक्त वाहती लाट दिसते.

आता धोका पाहा. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टच्या जागी जोडले तर ते जळतात आणि पुन्हा लागत नाहीत. म्हणूनच मदरबोर्डवर ५ व्होल्टच्या जागी चारपैकी एक पिन मुद्दाम गाळलेली असते. कनेक्टर बसत नसेल, तर जोर लावू नका. जागा चुकली आहे असं समजा. जोडण्यापूर्वी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा, कॉम्प्युटर बंद करा आणि प्लगही काढा.

आणखी एक गफलत पंख्यांच्या बाबतीत होते. रंगीत पंख्याला बहुधा दोन वायरी असतात, एक फिरण्यासाठी, दुसरी दिव्यांसाठी. फिरण्याची वायरही चार पिनांची असू शकते. त्यामुळे केवळ पिना मोजून भागत नाही, मदरबोर्डवर त्या जागेशेजारी छापलेलं नाव वाचा.

भार किती पेलेल?

जगद्धात्री पूजेच्या विसर्जन मिरवणुकीत दिव्यांच्या चौकटी लॉरीवर उभ्या असतात आणि वीज जनरेटरमधून येते. जनरेटर पेलेल तेवढेच दिवे लागणार. कॉम्प्युटरमध्येही हाच हिशेब आहे.

एआरजीबी पट्टीतला नेहमीचा एक दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडात साधारण ६० मिलिअँपिअर वीज घेतो. मदरबोर्डवरची जागा ३ अँपिअरची असेल तर हिशेबाने ५० दिवे झाले. तुमच्या बोर्डाची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. एकाला एक जोडत पाच-सहा पंखे आणि वर लांब पट्टी लावायची असेल, तर थेट एसएमपीएसमधून वीज घेणारा हब वापरा.

वीजबिलाची मात्र फार चिंता नको. १०० दिवे पूर्ण पांढरे लावले तरी ३० वॅट होतात. रंग गडद आणि उजेड निम्मा ठेवला तर त्याहून बरंच कमी. १० वॅट रोज ५ तास धरले तर महिन्याला दीड युनिट.

रूळ आता तुमच्या हाती

दिवे जोडून झाले की रंगांची वेळ येते. मदरबोर्ड ज्या कंपनीचा, तिचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं: असुसचं ऑरा सिंक, एमएसआयचं मिस्टिक लाइट, गिगाबाइटचं आरजीबी फ्यूजन, एएसरॉकचं पॉलिक्रोम. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र असतील तर ओपनआरजीबी हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या पर्सनलायझेशनमध्ये 'डायनॅमिक लायटिंग' असतं. ते चालणारा कीबोर्ड किंवा माउस असेल तर वेगळं काहीच घ्यावं लागत नाही.

दोन पथ्यं पाळा. सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. आणि एका वेळी एकच चालू ठेवा. दोन सॉफ्टवेअर एकाच दिव्याला हुकूम देऊ लागली की दिवे लुकलुकतात किंवा मध्येच अडकून बसतात.

कोणता रंग जमतो, कोणता नाही

कोलकात्यात रंगांवरून घराघरांत वाद झडतात ते फुटबॉलपायी. मोहन बागानचा हिरवा आणि मरून, ईस्ट बंगालचा लाल आणि सोनेरी. एका घरात दोन भावंडं दोन संघांची असतील तर सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रोफाइल करून ठेवा, भांडण मिटेल!

मरून मात्र दिव्यात नीट उतरत नाही. कारण तो काळपट लाल आहे आणि दिव्याला काळपट होता येत नाही, फक्त मंद होता येतं. तपकिरीचंही तसंच. त्याऐवजी लाल घेऊन उजेड कमी करा. केशरीतही फसगत होते. स्क्रीनवर झेंडूसारखा दिसणारा रंग दिव्यात पिवळा वाटतो. अशा वेळी हिरव्याचा आकडा उतरवत न्या. २५५, ८०, ० पासून सुरुवात करून डोळ्यांना पटेल तिथे थांबा.

सगळे रंग एकदम नाचवू नका. बंगाली लाल काठाची पांढरी साडी डोळ्यांत भरते ती दोनच रंगांमुळे. पंखे पांढरे, कडेची पट्टी लाल, एवढंही पुरे. पैठणीचा जांभळा आणि सोनेरी हवा असेल तर तोही याच रीतीने जमेल.

घरातल्यांची झोप

अनेक घरांत कॉम्प्युटर झोपण्याच्याच खोलीत असतो. मुलाला आवडणारा निळा उजेड आजीच्या डोळ्यांवर येतो. रात्रीचा निळसर प्रखर उजेड शरीराला झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन कमी करतो. तेव्हा संध्याकाळनंतर पिवळसर किंवा लालसर मंद रंग ठेवा. अभ्यासाच्या वेळी हलता प्रकार बंद करून एकच स्थिर रंग लावा. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून लावलेली मंद पांढरी पट्टी अंधारात डोळ्यांना आराम देते.

झपझप लुकलुकणारा 'स्ट्रोब' प्रकार शक्यतो नकोच. घरात कुणाला फेफऱ्याचा त्रास असेल तर अजिबात नको.

कॉम्प्युटर बंद केल्यावरही दिवे सुरूच राहतात, ही नेहमीची तक्रार. तो बिघाड नसतो. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये जा. तिथे बंद अवस्थेतले दिवे विझवण्याचा पर्याय बहुतेक बोर्डांत असतो.

खर्च करण्याआधी

पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवा: आधी चांगला एसएमपीएस, मग हवा खेळती ठेवणारं कॅबिनेट आणि शेवटी दिवे. समोरून पूर्ण काच असलेलं कॅबिनेट शोभून दिसतं, पण कोलकात्यासारख्या, मुंबईसारख्या दमट उकाड्यात जाळीचं बरं. पंख्यांवर धूळ साचली तर रंगही मळके दिसतात, म्हणून अधूनमधून कॉम्प्युटर बंद करून मऊ ब्रशने साफ करा.

मुलाला खरंच गोडी असेल तर त्याला ५ व्होल्टची एक मीटरची एआरजीबी पट्टी आणि आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड आणून द्या. कुठला दिवा कधी आणि कुठल्या रंगात लागावा हे तो स्वतः लिहू लागेल. चंदननगरचे कारागीर रुळावर पट्ट्या ठोकून करत, तेच काम.

आणि दुकानात असाल तर पैसे देण्याआधी पंखा जोडून दाखवायला सांगा. सगळे दिवे पांढरे लावून बघा. एखाद्या दिव्यातला एक रंग मेलेला असेल तर तो पांढऱ्यातच पटकन ओळखू येतो. मग पक्कं बिल घ्या, आणि निघताना एवढंच विचारा: पाच व्होल्ट की बारा?