अकरा नंबरचं पान

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला आलं. त्यानंतर म्हसळ्यातल्या एका ओळखीच्या बाईंच्या तोंडून मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा ऐकला : चाळीस पोफळी, सहा माड. चार गुंठ्यांच्या वाडीत आडवं झालं ते एवढं. पुढे बातम्यांमधून बाधित क्षेत्राचे हेक्टर वाचताना सारखं वाटायचं, या हेक्टरांत त्यांच्या चाळीस पोफळी नेमक्या कुठे बसल्या असतील? ते समजून घ्यायला मी तात्यांकडे गेले. तात्या निवृत्त तलाठी. सगळी नोकरी सातबाऱ्यांत गेलेली.

अंगणात सुपारी वाळत घातली होती. तिचा तुरट, ओलसर वास दुपारभर नाकात राहिला. तात्यांनी वहीचं पान घेतलं आणि पट्टी लावून तांबड्या पेन्सिलीने रकाने आखायला सुरुवात केली. अँडरसन मॅन्युअलमधून आलेले गावचे एकवीस नमुने त्यांना अजून तोंडपाठ आहेत.

"बारा नंबर शेताप्रमाणे लावलेला," ते म्हणाले. "कुठल्या सर्व्हे नंबरात काय पेरलंय, ते त्यात. आठ-अ खातेदाराप्रमाणे. एका माणसाची गावभर विखुरलेली जमीन एका पानावर. आणि अकरा नंबर पिकाप्रमाणे. गावात भात किती, नाचणी किती, बागायत किती. शेतं तीच, फक्त लावायची कशाप्रमाणे ते बदललं."

अकरा नंबर म्हणजे पिकांचा गोषवारा. तो करताना बारा नंबरातली एकेक ओळ वाचायची, क्षेत्र त्या-त्या पिकाच्या रकान्यात टाकायचं आणि मूळ ओळीवर बारीक टिक करायची, म्हणजे तीच ओळ दोनदा धरली जात नाही. मग आडवी बेरीज, उभी बेरीज. दोन्ही जुळल्या तरच सही. गावाची बेरीज तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला. आता हे काम संगणक क्षणात करतो, आणि 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करतो. बेरजेची चूक त्यात होत नाही, हे तात्यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

पण पेन्सिल थांबली ती बाईंच्या वाडीपाशी. चार गुंठे. तात्यांनी रकान्यात 0.04 हेक्टर लिहिलं. पोफळी, माड, पोफळींवर चढलेली मिरी, मधल्या केळी, सगळं त्या एका आकड्यात. मी त्या 0.04 कडे बघत राहिले. आकडा अगदी बरोबर होता आणि त्यात एकही झाड नव्हतं.

वादळानंतर नेमकं हेच आडवं आलं. बागांना आधी हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाले. त्या दराने चार गुंठ्यांचे होतात साधारण 2,000. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, हेक्टरात नव्हे, अशी ओरड झाली. मग सरकारने झाड धरलं : पोफळीला 50 रुपये, माडाला 250. चाळीस पोफळींचे 2,000, सहा माडांचे 1,500, मिळून 3,500. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, त्यापुढे ही रक्कम काहीच नाही. तरी एकक बदलल्याबरोबर झाडं पुन्हा दिसायला लागली, हे मला फार मोठं वाटतं.

"हेक्टरावरनं झाडं परत काढता येतात का हो, तात्या?" मी विचारलं.

"नाही. बेरजेतनं मागे जाता येत नाही. खाली झाड लिहिलेलं असेल तरच वर झाड मागता येतं." त्यांनी पान फाडून माझ्या हातात दिलं.

तुमची वाडी असेल, तर या हंगामात ई-पीक पाहणी करताना नुसतं क्षेत्र टाकून थांबू नका. झाडं मोजा, आणि तो आकडाही भरा.