तयार संकेतस्थळास हलकी जोड

गेल्या सहामाही परीक्षेच्या वेळीं लोह्याकडील एक पालक आपल्या मुलीस घेऊन नांदेडास आमच्या शाळेंत आले, तों तिचा पेपर आदल्या दिवशींच होऊन गेलेला! शाळेच्या संकेतस्थळावर सर्व इयत्तांचीं वेळापत्रकें एकाखालीं एक होतीं. लहानशा मोबाइलवर त्यांनीं नववीचें म्हणून दहावीचें वाचलें. मुलीचा पेपर पुढें पुन्हां घेतला. परंतु दोष पान मांडणाऱ्या आम्हां शिक्षक-विद्यार्थ्यांचाच होता. त्यावर आम्हीं जो उपाय केला, तो येथें सांगतों.

आमचें पान दृश्य-रचनेच्या साधनानें केलेलें आहे. वेबफ्लो व एलिमेंटर हीं अशींच साधनें होत. त्यांत संगणकाची भाषा न लिहितां मजकूर व चित्रें उचलून हव्या त्या जागीं ठेवतां येतात. रूप उत्तम साधतें. पण वाचकानें इयत्ता व तुकडी निवडावी आणि तेवढेंच वेळापत्रक दिसावें, अशी वर्तणूक हवी असल्यास तयार भाग अपुरे पडतात. पानास वर्तणूक शिकविणें हें जावास्क्रिप्टचें काम. ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं रचली.

याकरितां सर्व पान मोडून नव्यानें लिहावयास नको. कॅलेब पोर्झिओ यांनीं २०१९ सालीं आरंभिलेली ‘अल्पाइन’ ही सुमारें १५ किलोबाइटांची चौकट पुरते. तिची फाइल पानास एकदां जोडावी व घटकांवर तीन खुणा लिहाव्या. सर्व वेळापत्रकांना व निवडीच्या यादीला वेढणाऱ्या भागास ‘एक्स-डेटा’ : येथें निवड लक्षांत राहते. यादीस ‘एक्स-मॉडेल’ : वाचकानें निवडलेलें येथून आंत जातें. प्रत्येक वेळापत्रकास ‘एक्स-शो’ : तें केव्हां दिसावें याची अट येथें असते. अशा खुणा जोडण्याची सोय पुष्कळ साधनांत असते. कांहींत तिला पैसे पडतात.

एक सावधगिरी बाळगावी. कांहींच निवडलें नसल्यास सर्व वेळापत्रकें दिसावीं, अशीच अट लिहावी. मग खेड्यांत इंटरनेट मंद असून फाइल पोंचली नाहीं, तरी मजकूर लपून राहत नाहीं. पान पूर्वींप्रमाणें लांब दिसेल, एवढेंच.

हलकेपणाची ही दृष्टि महाराष्ट्रास नवी नाहीं. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स कंपनीनें वर्डप्रेससाठीं ‘ॲस्ट्रा’ नांवाची मांडणी केली, तींत जेक्वेरी हा लोकप्रिय जावास्क्रिप्ट-संग्रह मुद्दाम वगळून भार ५० किलोबाइटांच्या आंत ठेवला. एलिमेंटरसारख्या साधनांबरोबर ती आज जगभर वापरली जाते.

विद्यार्थिमित्रहो, तयार साधन वापरण्यांत कमीपणा नाहीं. पण तें जेथें थांबतें तेथें आपणही थांबावें, हें बरें नव्हे. यंदा त्याच पालकांनीं नववी निवडतांच मुलीचें वेळापत्रक समोर आलें, व ती वेळेवर बांकावर बसली. तीन खुणांचें आम्हांस एवढें फळ पुरे आहे.