मेन्यूवरचा पाएया
इथं औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत. पुन्हा जाल तेव्हा उजेड कुठून पडलाय ते बघा. ताटाचा फोटो काढतानाही तेच बघायचं.

पाएया म्हणजे स्पेनमधल्या वालेन्सियाचा केशरी भात. परातीसारख्या उथळ भांड्यात त्याचा पातळ थर शिजवतात. म्हणून फोटो थेट वरून, आपल्या थालीपिठासारखा. बाजूनं नुसती कड दिसते. स्पेनचा तोर्तिया मात्र बटाटा-अंड्याचा जाडजूड. त्याची फोड कापून बाजूनं घ्या, बटाट्याचे थर दिसतील.

फ्लॅश नको. समोरून उजेड मारला की दाण्यांच्या सावल्या जातात, भात सपाट होतो. पिवळ्या बल्बखाली तर केशर कुठलं आणि हळद कुठली! खिडकीजवळ ताट ठेवा, पुरे.

आणि चार कोळंब्या वाढणार असाल तर फोटोत आठ मांडू नका. ताट आलं की गिऱ्हाईक आधी मोजतं.