उघड्या आकाशाखाली झोपताना

भद्रावतीच्या उन्हाळ्याचे वर्णन वेगळे करायला नको. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. रात्रीची जेवणे आटोपली की आमच्याकडे खाटा अंगणात किंवा गच्चीवर येतात. त्या वेळी घरातील हवा आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फार मोठा फरक नसतो. कित्येकदा तर झाडाचे पानही हलत नसते. तरी घरात तळमळणारा माणूस बाहेर खाटेवर पाठ टेकताच झोपी जातो. असे का व्हावे?

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक विद्यार्थी "बाहेर वारा असतो" असे उत्तर देतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. वारा नसलेल्या रात्रीचे काय?

आता दुसरी गोष्ट पाहा. एका वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही तालुक्यातील एका गावी मुक्कामाला होतो. शाळेच्या दोन खोल्यांत सगळी मुले मावेनात. तंबू नव्हते. तेव्हा तिघांनी आवारातल्या चिंचेखाली अंथरुणे टाकली आणि तिघांनी तारे पाहायचे म्हणून मोकळ्या मैदानात. दोन्ही जागांमध्ये फार तर पंचवीस पावलांचे अंतर होते. पहाटे मैदानातल्या मुलांची घोंगडी ओलीचिंब होती आणि तिघेही कुडकुडत चुलीपाशी येऊन बसले होते. चिंचेखालची मुले मात्र कोरड्या पांघरुणात गाढ झोपलेली! एकजण म्हणाला, "सर, झाडाखाली ऊब असते." दुसरा म्हणाला, "दव वरून पडते, ते झाडाने अडवले."

ही दोन्ही उत्तरे चूक आहेत. झाड काही शेगडी नव्हे आणि दव पावसासारखे वरून पडत नाही. (रात्री झाडाखाली झोपल्यास कार्बन डायऑक्साइडमुळे गुदमरते, असेही त्या दिवशी कोणीतरी सांगितले. मोकळ्या हवेत झाडाने सोडलेला तो वायू इतका थोडा असतो आणि इतक्या लवकर पांगतो, की त्याची भीती बाळगू नये. बंद खोलीत शेजारी झोपलेला भाऊ याहून जास्त सोडतो.)

मेमधले सुख आणि डिसेंबरमधली हुडहुडी या दोन्हींचे कारण एकच आहे. ते डोक्यावर पसरलेले असते. ते म्हणजे आकाश.

उष्णता तीन मार्गांनी जाते हे तुम्ही शिकला आहात : वहन, अभिसरण आणि प्रारण. यांपैकी प्रारणाकडे आपले दुर्लक्ष होते, कारण ते दिसत नाही. खरे पाहता प्रत्येक पदार्थ सतत प्रारण बाहेर टाकीत असतो. मग तो तापलेला तवा असो, की तुमचा गाल. किती टाकतो, हे स्टीफन-बोल्टझमनच्या नियमावरून काढता येते : हे प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. आपल्या त्वचेचे तापमान ३३ अंश धरले तर तिच्या प्रारणाचा जोर सुमारे ९.५ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास असतो. हे अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. अंधारात आपण सगळे या किरणांनी 'उजळलेले' असतो म्हणा ना.

आपण प्रारण देतो तसे घेतोही. भिंती, छप्पर, झाडाची पाने हे सारे आपल्याकडे प्रारण पाठवितात. दोघांचे तापमान सारखे असेल तर देणेघेणे फिटते. मग आकाश आपल्याला काय पाठविते? हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहेत. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र अवरक्त प्रारण शोषतात आणि स्वतःचे प्रारण खाली धाडतात. पण ८ ते १३ मायक्रॉन या पट्ट्यात त्यांचेही फारसे चालत नाही. वातावरणाला तेथे एक खिडकीच आहे. आपल्या त्वचेचे ९.५ मायक्रॉन नेमके या खिडकीत येतात! निरभ्र रात्री त्या खिडकीतून आपली बरीचशी उष्णता थेट अवकाशात निघून जाते आणि तेथून परत जवळजवळ काहीच येत नाही.

म्हणून प्रारणापुरते पाहिले तर आकाश हे एक थंड छत ठरते. मेमधील कोरड्या रात्री हवा ३२ अंश असेल तर हे छत सुमारे १७ अंशांचे असल्यासारखे वागते. आता हिशेब करू. तुमच्या घामेजल्या त्वचेचे तापमान ३५ अंश आणि घरातील स्लॅब दिवसभर तापून ३८ अंशांवर. घरात छताकडे वळलेल्या दर चौरस मीटर त्वचेला स्लॅबच सुमारे २० वॅट देत राहतो. त्याच त्वचेकडून मोकळे आकाश सुमारे ११० वॅट काढून घेते. झोपलेल्या माणसाचे शरीर सगळे मिळून ७०-८० वॅट उष्णता निर्माण करते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते कळेल. गच्चीवरही अंथरूण थेट स्लॅबवर टाकण्यापेक्षा खाट बरी, ती यासाठीच. नाहीतर तोच तापलेला स्लॅब पाठीखाली येतो.

डिसेंबरात हाच व्यवहार उलटतो. हवा १२ अंशांची असताना निरभ्र आकाश शून्याखाली पाच अंशांच्या आसपास असल्यासारखे वागते. घोंगडीचा वरचा पृष्ठभाग हवेच्याच तापमानाचा असला तर तो दर चौरस मीटरला सुमारे ८० वॅट गमावू लागतो. त्यामुळे तो हवेपेक्षाही थंड होतो. थंड होत होत दवबिंदूच्या खाली गेला, की शेजारच्या हवेतील वाफ त्यावर पाण्याच्या थेंबांच्या रूपाने जमते. म्हणजे दव पडत नाही, तर धरते. चिंचेखालच्या मुलांच्या डोक्यावर आकाश नव्हते, पाने होती. पानांचे तापमान हवेइतकेच, म्हणून देणेघेणे फिटले.

हे कोडे उलगडले ते लंडनमधील विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टराने. त्याने लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके रात्री निरनिराळ्या ठिकाणी ठेवले आणि सकाळी ते तोलून कोठे किती दव धरले ते पाहिले. १८१४ साली दवावरील त्याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिले. त्याचा एक प्रयोग मला फार आवडतो. गवतात चार काटक्या रोवून त्याने सहा इंच उंचीवर एक तलम रुमाल ताणून बांधला. रुमालाखालचे गवत बाहेरच्या गवतापेक्षा स्पष्टपणे उबदार राहिले. तलम रुमाल काय ऊब देणार? पण त्याने गवतापुरते आकाश झाकले होते.

आपल्या देशात या थंड छताचा व्यापारी उपयोग त्याआधीपासून होत होता. अलाहाबादकडे हिवाळ्यात उथळ खड्ड्यांत उसाची चिपाडे वा धाटे पसरून त्यावर पाण्याने भरलेली मातीची उथळ परळे मांडीत आणि पहाटे त्यांतून बर्फ गोळा करीत. सर रॉबर्ट बार्करने याचे वर्णन १७७५ साली प्रसिद्ध केले. हवेचे तापमान शून्यावर असतानाही बर्फ होई. हे केवळ बाष्पीभवनामुळे घडत असते तर वाऱ्यात बर्फ अधिक लवकर झाला असता. उलट वारा सुटला की बर्फ होत नसे, कारण वारा हवेची ऊब परळांना पुरवीत राही.

तेव्हा तंबू नसताना हिवाळ्यात बाहेर झोपायचे तर चार भिंतींची गरज नाही. अंगावर दोन-तीन हात उंचीवर एक जुने धोतर किंवा चादर ताणून बांधली तरी पुष्कळ काम होते. दव त्या कापडावर धरेल, घोंगडी कोरडी राहील. ओली घोंगडी निम्मी ऊब घालविते. डोके झाका. आणि खाटेवर झोपत असाल तर खालीही वाकळ घाला, कारण खालून हवा खेळते. मे महिन्यात मात्र काहीच ताणू नका.

जमिनीवर धानाची तणस अंथरून झोपणे उबदार असते, हे आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. तरी मी विद्यार्थ्यांना ते करू देत नाही. तणशीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही, म्हणून माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. पुढे श्वसनाचे स्नायू काम करीनासे होतात. अशी लक्षणे दिसली तर दंशाची खात्री होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथेच मिळते. चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिक यांत वेळ गेला तर तो परत मिळत नाही. उपाय साधा आहे : खाट, आणि कडा अंथरुणाखाली घट्ट खोचलेली मच्छरदाणी. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश पुष्कळ कमी होतात, असे नेपाळच्या तराईत केलेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले आहे. हिवतापाच्या आपल्या मुलखात ती हवीच. तिने तारे थोडे धूसर दिसतील, तेवढे सोसावे.

आणखी एक. ताडोबाच्या बाजूच्या गावांत, जंगलाच्या कडेला, उघड्यावर झोपण्याचे धाडस कोणी करू नये. शेताच्या जागलीवर जाणारे शेतकरी उंच मचाण बांधतात ते हौसेने नव्हे. वाघ व अस्वल यांच्यापुढे पदार्थविज्ञान उपयोगी पडत नाही. गावातील गच्ची किंवा शाळेचे कुंपण असलेले आवार आपल्याला पुरे.

शिक्षकांनी वेल्सचा प्रयोग जरूर करून घ्यावा. दोन सारखे तापमापक आधी पाण्यात ठेवून त्यांची वाचने जुळतात ना ते पाहा. मग दोन्ही गवतावर आडवे ठेवा. एकावर वीतभर उंचीवर चार काड्यांवर वर्तमानपत्र बसवा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सूर्योदयापूर्वी वाचने घ्या. काही अंशांचा फरक मिळायला हवा. ढगाळ रात्री हाच प्रयोग करा. फरक जवळजवळ नाहीसा होईल, कारण ढग हे उबदार छत आहे.

तारे उत्तम दिसतात ती रात्र अंगातली उष्णताही अधिक नेते. दोन्हींसाठी हवा निरभ्र आणि कोरडी लागते. भद्रावतीचे अक्षांश सुमारे २० अंश उत्तर. म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर २० अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका उंच दिसेल. डिसेंबराच्या मध्यास मध्यरात्री मृग दक्षिणेकडे, जवळजवळ डोक्याच्या दिशेने चढलेला असतो. त्याच्या खाली व्याध आणि दक्षिण क्षितिजाजवळ अगस्त्य. आपल्या जिल्ह्यांतील गोंड लोक सप्तर्षीतल्या चार ताऱ्यांना खाट मानतात आणि शेपटीतले तीन तारे म्हणजे ती चोरायला आलेले चोर. गणेश हलकारे आणि मयंक वाहिया यांनी विदर्भातील गोंड गावांत फिरून गोळा केलेली ही माहिती २०१३ साली प्रसिद्ध झाली. डिसेंबरात रात्री अकराच्या सुमारास ईशान्येला पाहा. आधी खाट वर येते. चोर तिच्या मागून एकेक करून येतात आणि तिसरा दिसू लागेपर्यंत एक वाजून जातो. तोवर तुमच्या पांघरुणाला हात लावून पाहा, दव धरू लागले का ते.