चूक कुणाची, चूक कशी?

बिबवेवाडीत आमच्याकडे माझा भाचा राहतो. संगणक कंपनीत इंजिनिअर आहे. एका रात्री त्याच्या हातून ग्राहकाचा दिवसभराचा हिशेब पुसला गेला. पहाटे घरी आला आणि म्हणाला, "मामू, नोकरी गेली समजा." पण त्याचे साहेब ओरडले नाहीत. "काय काय झालं, क्रमानं सांग," एवढेच म्हणाले. सांगता सांगता उघड झाले की, खऱ्या नोंदींना आणि चाचणीच्या नोंदींना जवळजवळ एकच नाव होते. पुसण्यापूर्वी दुसऱ्याने तपासण्याची पद्धतही नव्हती.

मला पानशेत आठवले. १२ जुलै १९६१. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. ती हकिगत अब्बांकडून ऐकलेली. आंबी नदीवरचे ते मातीचे धरण पुरे झाले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात पाणी साठवले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीचे आणि दारांचे काम अपुरे होते. भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. चौकशी आधी न्यायमूर्ती बावडेकरांकडे होती. ती पुरी होण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला. मग न्यायमूर्ती नाईकांनी ती पुरी केली.

दोषी कोण, असे पुण्यात अनेक वर्षे विचारले गेले. पण घाई ठरवणारा एक, मोरी बांधणारा दुसरा, खचलेला भराव पाहणारा तिसरा. चूक अशी वाटली गेली की जबाबदारी कुणाचीच उरत नाही. म्हणून "थांबा" म्हणण्याचा अधिकार कुणाला, हे काम सुरू होण्याआधीच ठरवावे लागते. आणि तसे म्हणणाऱ्याला शिक्षा होणार नाही, याची हमी वरिष्ठाने द्यावी लागते.

१० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात कोसळले. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम होते. पण पत्रकारांसमोर अपयश स्वीकारले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. जुलै १९८० मध्ये यश आले, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले.

याचा अर्थ सारे माफ, असा नव्हे. चूक लपवणारा पुढच्या चुकीची सोय करून ठेवतो. त्याला जाब विचारलाच पाहिजे. माझ्या भाच्याने स्वतः ग्राहकाला फोन करून माफी मागितली. दोन रात्री जागून हिशेब पुन्हा भरला. दोघांनी तपासल्याशिवाय काही पुसायचे नाही, हा नियम आता त्याच्याच हाताने लिहिलेला तिथे लागला आहे.