नकाशावर 300, रस्त्यावर 600!

बॉसकडून रडतखडत दहा दिवसांची रजा मिळवलीय. आमच्या ग्रुपचा आफ्रिकेचा प्लॅनही पक्का झालाय. बोत्स्वानातली दोन गावं करायची, हत्तींसाठी कसाने आणि ओकावांगो डेल्टासाठी माऊन. (आपण वाचतो 'मौन', तिथले लोक म्हणतात 'माऊन'!) दोन्हींमधलं सरळ रेषेतलं अंतर आहे जेमतेम 300 किलोमीटर. "म्हणजे मुंबई-पुणे जाऊन-येऊन. सकाळी निघू, जेवायला पोचू," ग्रुपमधल्या एकाने जाहीर करून टाकलं.

थांबा जरा! प्रवासाचा शेड्यूल बनवायचं काम माझ्याकडे असल्याने मी नकाशा घेऊन बसले. डांबरी रस्ता सरळ जातच नाही. कसानेहून आधी सुमारे 300 किलोमीटर दक्षिणेला नाता गाठायचं, तिथून उजवीकडे वळून पुन्हा तेवढंच अंतर पश्चिमेला माऊनपर्यंत. झाले 600! सहा-सात तास तर नक्कीच. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, तेवढाच दिलासा. मात्र बोत्स्वानात सुमारे 1 लाख 30 हजार हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. ते रस्त्यावरही येतात. त्यामुळे अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा तिथला पहिला नियम.

मग सरळ का जाऊ नये? जाता येतं की... चोबे नॅशनल पार्कमधून, सावुतीमार्गे. पण तो रस्ता वाळूचा. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, टायरमधली हवा कमी करण्याची तयारी आणि वाटेत किमान एक मुक्काम हवाच. त्यात नोव्हेंबर ते मार्चच्या पावसात काही ठिकाणी असा चिखल होतो, की गाडी रुतलीच समजा.

तिसरा पर्याय म्हणजे विमान. डझनभर माणसांचं छोटं सेस्ना कॅराव्हॅन तासाला 300 किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे थेट गेलं तर तास-सव्वा तास. मात्र ही विमानं बऱ्याचदा वाटेतल्या कॅम्पांच्या धावपट्ट्यांवर उतरत जातात, आपल्या एसटीसारखी! सामानही साधारण 15 ते 20 किलोच, तेसुद्धा मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस घरीच ठेवा.

खिशाला विमान जड जातं, हे खरं. पण त्या खिडकीतून डेल्टा दिसतो. अंगोलात पडलेलं पावसाचं पाणी महिनोन्‌महिने वाहत येतं आणि बोत्स्वानात ऐन कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्टमध्ये इथे पसरतं. समुद्र न गाठताच ते वाळवंटात जिरतं. 2014 साली हा डेल्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं हजारावं ठिकाण ठरला.

माझं मत? पैसे वाचवायचे असतील तर नातामार्गे जा, पण तो अख्खा दिवस प्रवासाचाच धरा. रजा वाचवायची असेल तर उडा. आमच्या ग्रुपमध्ये मतदान झालं, विमान तीन विरुद्ध एक मतांनी जिंकलं. 'जेवायला पोचू' म्हणणाराही आमच्याच बाजूने होता!