चालते यंत्र बदलावे का?

बिघडलेली वस्तू बदलायला फारसा विचार लागत नाही. प्रश्न पडतो तो न बिघडलेल्या वस्तूचा. आपल्याजवळचा ई-रीडर घ्या. पाच-सात वर्षे झाली, पुस्तके उघडतात, पाने उलटतात. आणि एक दिवस नव्या मॉडेलची जाहिरात दिसते. झाले, मन चळते!

तेव्हा आधी हे यंत्र चालते कसे, ते पाहू. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यासरशी त्यांतले काळे वर येतात किंवा पांढरे. एकदा पान उमटले की ते तसेच राहायला वीज लागत नाही. ती लागते पान उलटताना आणि दिवा लावला असेल तर त्या दिव्याला. म्हणून मोबाइल रोज चार्जिंगला लावावा लागतो, तर ई-रीडर आठवडेच्या आठवडे चालतो. चार्जिंग कमी, म्हणून बॅटरीची झीजही सावकाश.

मग नव्यात मिळते काय? अक्षरांचा रेखीवपणा म्हणाल, तर २०१२ सालच्या किंडल पेपरव्हाइटच्या पडद्यावर इंचाला २१२ ठिपके होते, २०१५ साली ते ३०० झाले. काळ्या-पांढऱ्या किंडलवर आजही तेवढेच आहेत! म्हणजे तुमचा पडदा ३००चा असेल, तर नव्यावर अक्षर अधिक रेखीव दिसणार नाही. रंगीत पडद्यांवर रंगाचे ठिपके बहुधा १५०च असतात, शिवाय रंगाच्या थरामुळे कागद जरा मळकट दिसतो. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांना ठीक आहे; कादंबरीला रंग कशाला हवा? रात्री वाचणाऱ्याला पिवळसर उजेडाची सोय मात्र खरोखर उपयोगाची, हे मान्य केले पाहिजे.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट पाहावी. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके आली ती २०१६च्या डिसेंबरात. त्याआधीच्या काही यंत्रांवर जोडाक्षरे तुटून दिसतात. ‘राष्ट्र’, ‘कृष्ण’ असे शब्द उघडून पाहा. तुटत असतील, तर आधी सॉफ्टवेअर अद्ययावत करा. त्याला पैसा पडत नाही. एवढे करूनही तुटलेच, तर नवे घेण्याला कारण आहे असे मी म्हणेन.

खरी मेख वेगळीच आहे, बरं का. यंत्र धडधाकट असले तरी कंपनीच्या दुकानाशी त्याची गाठ टिकली पाहिजे. विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोय अ‍ॅमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद केली. वाय-फाय न जुळणाऱ्या जुन्या यंत्राची त्यामुळे पंचाईत झाली. अशा यंत्रातली पुस्तके वाचता येतात. पण ते उगाच ‘रीसेट’ करू नका, पुन्हा नोंदणी होईलच असे नाही.

आणि नवे घेऊन जुने कुणाला द्यायचे ठरलेच, तर त्यावरचे आपले खाते आधी काढून टाका. नाहीतर तो पुस्तके घेईल आणि बिल येईल तुम्हाला!